क्लच, मिस्त्री आणि भरवसा

खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला होता. गाडी जुनी, आत माणसे पाच, डिकी बॅगांनी भरलेली आणि पुढे उसाचा ट्रक. त्याला मागे टाकावे म्हणून आम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन मोठ्याने गरजले, पण गाडीचा वेग काही वाढेना. आणखी दाबला तर आवाज आणखी वाढला, गाडी मात्र होती तशीच रांगत राहिली. पाठोपाठ एक उग्र, करपल्यासारखा वास आला. कसेबसे घाटमाथ्यावर पोहोचलो आणि पुढचा सगळा प्रवास इंजिनाचा कानोसा घेत केला.

परत आल्यावर तीन गॅरेजे पालथी घातली. पहिल्या ठिकाणी बॉनेटसुद्धा न उघडता निदान झाले : "क्लचप्लेट गेली, साहेब. उद्या संध्याकाळी घेऊन जा." दुसऱ्या ठिकाणी सांगितले की नुसती प्लेट बदलून भागणार नाही, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील, सगळेच काढावे लागेल. खर्चाचा आकडा पहिल्याच्या तिप्पट होता. तिसरा सर्वांत गोड बोलला. म्हणाला, "घाई कशाला करता? केबल थोडी ताणून देतो, अजून पाच हजार किलोमीटर आरामात चालेल."

आम्ही विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली माणसे. घर्षणावरची गणिते शेकड्याने सोडवलेली. पण या तिघांपैकी खरे कोण बोलतो हे ठरवायची काहीच सोय आमच्यापाशी नव्हती. क्लच असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, लोखंडी कवचात बंद. तो पाहायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो उतरवणारा हात नेमका त्या मिस्त्रीचाच असतो, ज्याच्यावर भरवसा ठेवावा की नाही हा आपला प्रश्न आहे. या अडचणीचा थोडा इतिहास शोधायचा असे त्या दिवशी ठरवले. शोधताना एकाऐवजी दोन इतिहास हाती आले, एक घर्षणाचा आणि दुसरा भरवशाचा.

घर्षणाचा इतिहास बराच जुना आहे. लिओनार्दो दा विंचीने 1493च्या सुमारास आपल्या वह्यांत घर्षणाचे नियम टिपून ठेवले होते, पण त्या वह्या कोणी वाचल्याच नाहीत. नियम पुन्हा शोधावे लागले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे 1699 मध्ये ग्योम आमाँताँ याने ते मांडले. हा गृहस्थ लहानपणापासून बहिरा होता. त्याचे म्हणणे असे, की घर्षणबल हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती जोराने दाबले आहेत यावर अवलंबून असते. ते किती क्षेत्रफळावर टेकले आहेत यावर नाही. अकादमीच्या सभासदांना दुसरा भाग पटेना. म्हणून द ला ईर नावाच्या सभासदाने प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि आमाँताँचे बरोबर निघाले.

वर्गात हा नियम सांगितला की मुलांचे चेहरे त्या सभासदांसारखेच होतात. वीट आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, ओढायला बल तेवढेच लागते, यावर कोणाचा सहजी विश्वास बसत नाही. प्रयोग करून दाखवावा हे उत्तम. कारण मात्र विसाव्या शतकात नीट उलगडले. केंब्रिजच्या बोडन आणि टेबर यांनी दाखवले, की गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतात आणि खरा स्पर्श फक्त शिखरांच्या टोकांवर होतो. जेवढा दाब जास्त, तेवढी ती टोके चपटी होतात आणि खऱ्या स्पर्शाचे क्षेत्र वाढते. वीट उभी ठेवल्याने टेकणारी टोके संख्येने कमी होतात, पण प्रत्येक टोक जास्त दबते. हिशेब जिथल्या तिथे.

दरम्यान आणखी एक माणूस या विषयात आला होता. शार्ल कूलाँ. विद्यार्थ्यांना तो विद्युतप्रभारांच्या नियमामुळे माहीत असतो, पण तो मुळात लष्करी इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची उमेदीची वर्षे आणि तब्येत दोन्ही खर्ची पडली. पुढे रोशफोर्टच्या जहाजबांधणीच्या गोदीत त्याने लाकूड, लोखंड, दोरखंड यांच्या घर्षणावर मोठमोठी वजने लावून प्रयोग केले. 1781 मध्ये त्याच्या निबंधाला अकादमीचे बक्षीस मिळाले. वस्तू बराच वेळ एका जागी टेकून राहिली की ती हलवायला जास्त बल लागते, आणि एकदा घसरू लागली की घर्षणावर वेगाचा फारसा परिणाम होत नाही, ही त्याची निरीक्षणे.

आता क्लचकडे येऊ. पेट्रोल इंजिनाची एक खोड आहे. ते शून्य वेगापासून काम सुरू करू शकत नाही, बंद पडते. गाडी मात्र शून्यापासूनच निघायची असते. म्हणून फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ हळूहळू, घसरत घसरत घालून देणारा मध्यस्थ लागतो. गिरण्यांमध्ये हे काम पट्ट्यावर होत असे : एक पुली दांड्याला पक्की, शेजारची मोकळी फिरणारी, आणि चामड्याचा पट्टा एकीवरून दुसरीवर सरकवायचा. कार्ल बेंझच्या 1886च्या तीनचाकी गाडीतही हीच युक्ती होती. 1891 मध्ये फ्रान्समधल्या पानार-लव्हासोर यांनी पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके अशी मांडणी केली, आणि तीच पुढे मोटारींची रूढ मांडणी झाली.

सुरुवातीचे क्लच शंकूच्या आकाराचे. फ्लायव्हीलला खोलगट शंकूसारखी बैठक आणि तिच्यात बसणारा, चामडे चढवलेला दुसरा शंकू. चामडे कोरडे पडले की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी उडी मारायची. मग त्याला एरंडेल चोळायचे. चामड्यावर इंजिनाचे तेल गेले की तो घसरायचा. मग त्यावर मुलतानी माती भुरभुरायची. त्या काळचा ड्रायव्हर या दोन औषधांचे प्रमाण बोटांनीच ठरवत असे. तेल पडल्यावर क्लच घसरतो हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येणार आहे.

पुढे चामड्याची जागा दुसऱ्या अस्तरांनी घेतली. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा एक उद्योगी माणूस होता. उतारावर घोडागाडी आवरायला गाडीवान जुना बूट चाकाखाली दाबतात, हे पाहून त्याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. 1897 मध्ये त्याने उद्योग सुरू केला. स्वतःच्या नावातली अक्षरे उलटसुलट करून आणि एक जादा अक्षर घालून त्याने 'फेरोडो' हे नाव बनवले. काही वर्षांतच अ‍ॅस्बेस्टॉसचे विणलेले अस्तर आले. उष्णता सोसणारे, टिकाऊ, स्वस्त. या गुणांची दुसरी बाजू पुढे येईल. स्कूटरच्या क्लचची जात वेगळी, तेलात बुडालेल्या अनेक लहान चकत्यांची. आपल्याकडच्या चेतकमध्ये त्या चकत्यांना बुचाचे तुकडे लावलेले असत.

आजच्या मोटारीत साधारण एकच कोरडी प्लेट असते. ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात स्प्रिंगच्या जोराने दाबलेली, म्हणजे घर्षणाला पृष्ठभाग दोन. किती टॉर्क पेलेल याचे सूत्र दहावीचा मुलगाही मांडू शकेल : घर्षणगुणांक गुणिले दाबण्याचे बल गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले दोन. लहान गाडीसाठी ढोबळ आकडे घेऊ. गुणांक 0.3, बल 3000 न्यूटन, त्रिज्या 8 सेंटिमीटर. उत्तर येते 144 न्यूटन-मीटर. अशा गाडीचे इंजिन 60 ते 90 न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेव्हा भरपूर शिल्लक राहते. आता प्लेटवर तेल गेले आणि गुणांक 0.1 वर आला असे समजा. क्लचची ताकद उरते 48. सपाट रस्त्यावर गाडी चालेल, घाटात घसरेल. सूत्रात क्षेत्रफळ कुठेच नाही हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. मग प्लेट एवढी रुंद कशाला? उष्णता पसरावी आणि झीज सावकाश व्हावी म्हणून.

उष्णता किती? गाडी थांबलेली असताना इंजिनाचा वेग कायम ठेवून क्लच सोडला, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. (धारित्र प्रभारित करताना निम्मी ऊर्जा रोधात जाते, त्याचेच हे भावंड.) 900 किलोग्रॅमची गाडी ताशी 10 किलोमीटरपर्यंत आली की सुमारे 3500 जूल. शहरातल्या रहदारीत शंभरदा थांबलो आणि निघालो तर साडेतीन लाख जूल, म्हणजे साधारण लिटरभर पाणी चहासाठी उकळीला येईल एवढी उष्णता त्या तबकडीवर ओतली जाते. शिवाय काहीजण क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतात. आम्हीही त्यातलेच होतो हे कबूल करायला हवे.

तिसऱ्या गोडबोल्या माणसाचा सल्ला किती उलटा होता हे एवढे वाचल्यावर कळले. केबल आणखी ताणली तर पेडलची मोकळी चाल संपते, बेअरिंग स्प्रिंगवर सतत थोडे टेकून राहते, दाबण्याचे बल कमी होते आणि घसरण वाढते. तो लबाड होता की अडाणी, हे मात्र कुठलेच सूत्र सांगत नाही.

आणि इथून दुसरा इतिहास सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही श्रीमंतांची चीज होती आणि ती सांभाळायला शोफर असे. फ्रेंच भाषेत शोफर म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. तोच ड्रायव्हर, तोच मेकॅनिक. मालकाला यंत्रातले काही कळत नसे. अमेरिकेतली गॅरेजे शोफरला बिलावर गुपचूप दलाली देत आणि तीही बिलातच चढे. म्हणजे गुपित यंत्राचे होते आणि नोकराने मालकाला नाचवायची संधीही त्यातच होती. पुढे मोटारी सामान्य माणसाकडे आल्या, शोफर गेला आणि मालक थेट गॅरेजच्या दारात उभा राहिला. 1920च्या दशकात अमेरिकेत ठरावीक कामाला ठरावीक दर ही पद्धत पसरली. घासाघीस थांबली, पण मेकॅनिकची मजुरीही कामाच्या नगावर मोजली जाऊ लागल्याने एक नवीनच मोह तयार झाला : काम लवकर उरकायचा आणि नगांची संख्या वाढवायचा.

1941 मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने एक धाडसी पाहणी छापली. त्यांची माणसे एका चांगल्या मोटारीच्या इग्निशन कॉइलची तार मुद्दाम काढून गॅरेजमध्ये जात आणि गाडी बिघडल्याचे सांगत. तार पुन्हा जोडणे हे क्षणाचे काम. अमेरिकाभरच्या 347 गॅरेजांपैकी 63 टक्क्यांनी नको ती कामे सांगितली, जादा पैसे घेतले किंवा खोटे बोलले असा निष्कर्ष निघाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांत हे प्रमाण 64 टक्के आणि घड्याळवाल्यांत 49 टक्के आले. घड्याळवाले त्यातल्या त्यात बरे का निघाले, याचा विचार वाचकांनी जरूर करावा. आमच्या मनात मात्र एक शंका राहते. बिघाड इतका क्षुल्लक निवडला होता, की तो न सापडणे म्हणजे लबाडीच असे पाहणाऱ्यांनी धरून चालले. अज्ञान आणि अप्रामाणिकपणा यांचे परिणाम बाहेरून सारखेच दिसतात. मोजमापात ही दोन वेगळी काढता येत नसतील, तर टक्केवारी जपूनच वाचावी.

या प्रश्नाला सैद्धांतिक रूप मिळाले 1970 मध्ये, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांच्या लेखात. विषय जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकी बोलीत फसव्या, सतत बिघडणाऱ्या गाडीला लिंबू म्हणतात. विकणाऱ्याला गाडी लिंबू आहे की नाही ते ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकत नाही. बाजारात लिंबेच उरतात, किंमत आणखी उतरते. अप्रामाणिक माणूस समोरच्याला फसवतो तेवढेच नुकसान होते असे नाही, तो प्रामाणिक माणसाला बाजारातून हाकलतो. हा लेख तीन नियतकालिकांनी नाकारला होता. 2001 मध्ये त्याच कामासाठी अ‍ॅकरलॉफना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्याला जवळची गोष्ट अशी, की 1967-68 मध्ये हे अ‍ॅकरलॉफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्या लेखात भारतही आहे. खेड्यातला सावकार आहे, आणि मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे तांदळातून वेचणारी गृहिणीसुद्धा आहे. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुपात तांदूळ पाखडणाऱ्या आज्या-मावश्यांचे ते काम अर्थशास्त्रात असे पोहोचले.

पण तांदूळ निवडता येतात. क्लच कसा निवडायचा? 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी यासाठी एक वेगळा वर्ग कल्पिला. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी पाहून कळतो, उदाहरणार्थ कापड. काहींचा वापरल्यावर कळतो, उदाहरणार्थ आंबा. पण काहींचा वापरल्यावरही कळत नाही. तिथे सांगणाऱ्यावर भरवसाच ठेवावा लागतो. मोटारदुरुस्ती अशी असते, डॉक्टरने सुचवलेली शस्त्रक्रियाही. क्लचप्लेट बदलल्यावर गाडी छान धावली, म्हणजे जुनी प्लेट झिजलीच होती असे सिद्ध होत नाही. निदान आणि इलाज एकाच माणसाकडे असला की ही गाठ पडते.

ती सोडवायचे प्रयत्न बरेच झाले. कॅलिफोर्नियाने 1971 मध्ये कायदा करून दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक आणि मागितल्यास काढलेले जुने भाग परत देणे बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मेकॅनिकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था निघाली. आपल्याकडे 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या 2019च्या कायद्याने, सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते; पण त्रुटी दाखवून द्यायची तर ती आधी दिसायला हवी. जुना भाग परत मागणे ही आम्हाला यातली सर्वांत शहाणी युक्ती वाटते. तीही अभेद्य नाही. दुसऱ्याच कोणाच्या गाडीची झिजलेली प्लेट हातात ठेवली तर आपण काय ओळखणार?

चौथा मिस्त्री आम्हाला शेजारच्या रिक्षावाल्याने सांगितला. रिक्षावाल्याची भाकरी गाडीवर. वाईट मिस्त्रीकडे तो दुसऱ्यांदा जात नाही. गॅरेज म्हणजे बोळातली पत्र्याची शेड. वयस्क मिस्त्रीने किल्ली मागितली नाही. म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसा. हँडब्रेक ओढा. चौथा गिअर टाका. आता थोडा रेस देऊन क्लच सोडा." सोडला. इंजिन बंद पडायला हवे होते. ते खुशाल फिरत राहिले. "बघा, घसरतोय. हे तुम्हीच केलंत, मी हात लावला नाही." निदान ग्राहकाच्या हातून करून घ्यायचे, हा प्रयोगपद्धतीचा धडा आम्ही इतक्या सोप्या रूपात कुठल्या प्रयोगशाळेत शिकलो नव्हतो. (शिक्षकांनी हा प्रयोग मोकळ्या सपाट जागी, एकदाच आणि दोन-तीन सेकंदच करावा, पुन्हा पुन्हा केला तर चांगला क्लचही जळेल.)

गिअरबॉक्स उतरवताना त्याने आम्हाला बोलावून घेतले. प्लेटची एक बाजू रिव्हेटपर्यंत झिजली होती, पण त्याने बोट ठेवले ते दुसरीकडे : क्लचच्या घरात, तळाला, तेलाचा काळा ओघळ. "क्रँकचं सील गेलंय. नुसती प्लेट टाकली असती तर सहा महिन्यांत परत आला असता, आणि शिव्या मला दिल्या असत्या." सील अगदी स्वस्तातले. फ्लायव्हीलवर त्याने हात फिरवला आणि ते बदलायची गरज नाही म्हणाला. बिल पहिल्या गॅरेजपेक्षा थोडे जास्त झाले आणि दुसऱ्यापेक्षा पुष्कळ कमी.

मधेच त्याच्या हाताखालच्या पोराने कॉम्प्रेसरची नळी उचलली आणि क्लचच्या घरातली धूळ फुंकायला सुरुवात केली. करडा ढग उठला. आम्ही घाईघाईने त्याला थांबवले. 1924 मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या एका कामगार स्त्रीच्या मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. 1930 मध्ये सरकारी अहवाल आला. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून या तंतूंचा फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला गेला. ब्रिटनने 1999 मध्ये आणि युरोपीय संघाने 2005 पासून बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल महत्त्वाचा निकाल दिला. घर्षणाच्या उष्णतेत बरेचसे तंतू निरुपद्रवी खनिजात बदलतात, त्यामुळे गॅरेजमधला धोका नेमका किती यावर संशोधकांचे एकमत नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ते आपल्या फुप्फुसांवर तपासून पाहावे असे काही नाही. मिस्त्रीने आमच्याकडे पाहिले, पोराला नळी खाली ठेवायला लावली आणि ओले फडके दिले. "आम्ही तीस वर्षं असंच फुंकतोय," एवढेच म्हणाला. आपण ग्राहक त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा घोळ घालत असतो. अस्तर बनवणाऱ्यावर त्याने ठेवलेल्या विश्वासाची चौकशी कोणी केली नव्हती.

जुनी प्लेट त्याने न मागताच वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवली. शाळेतल्या एका शिक्षकमित्राला ती घर्षणाच्या धड्यासाठी हवी होती. पण ती आधीच्या मालकाने केव्हा, कुठून बसवली, तिच्या अस्तरात काय आहे, हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. शेवटी आम्ही ती जाड पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीचे तोंड मेणबत्तीवर वितळवून बंद केले आणि मगच त्याच्या हवाली केली. नववीची मुले रिव्हेट मोजतात ते बाहेरूनच.